डाव्या गुडघ्याचा सौदा

मला त्या डॉक्टरानं फसवलं. बेळगावच्या खासबागेतल्या हाडांच्या डॉक्टरानं, भर दुपारी, टॉवेलाखाली माझा हात धरून. मी उभा जन्म बेळगाव ते निपाणी पट्ट्यातल्या बाजारांत बैलांची दलाली केली. गोकाकचे व्यापारी बघितले, कोल्हापूरचे बघितले, दात कोरून म्हातारा बैल तरुण करून विकणारे बघितले. त्यातल्या एकालाही मला गंडवणं जमलं नाही. ते जमलं एका म्हाताऱ्याला, ज्याला खिलार कुठला आणि गावरान कुठला हेसुद्धा सांगता आलं नसतं.

टॉवेलाखालचा सौदा ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. आकडा चारचौघांत फुटला की दहाजण मध्ये तोंड घालतात. म्हणून दलाल समोरच्याचा हात हातात घेतो, वरून टॉवेल टाकतो आणि आत बोटं दाबतो. जितकी बोटं धरली तितका आकडा. शेकडे की हजार, ते दोघांनाही आधीच कळलेलं असतं. वर पाऊसपाण्याच्या, लग्नकार्याच्या गप्पा चालू असतात आणि खाली भाव चढत-उतरत असतो. हल्लीची पोरं मोबाइलवर फोटो पाठवून व्यवहार करतात, पण जातिवंत बैल अजून टॉवेलाखालीच जातो. या कामाला नियम एकच. सौदा जमेपर्यंत नाहीतर मोडेपर्यंत हात काढायचा नाही. मध्येच हात काढून घेणाऱ्याशी पुन्हा कुणी बोलत नाही.

हा नियम डॉक्टरला मीच सांगितला होता. त्यामुळं माहीत नव्हता असं त्याला म्हणता येणार नाही.

त्याचा दवाखाना माडीवर होता, राहणंही तिथंच. खाली विणकराचं घर, दिवसभर मागाची खडखड, आणि बाजूनं वर जाणारा दगडी जिना. गुडघे धरून येणाऱ्या माणसांसाठी कुणी माडीवर दवाखाना काढतं का? पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा उजवा गुडघा असा धरला होता की प्रत्येक पायरीला एक शिवी घालत मी वर पोचलो. दारातूनच विचारलं, "डॉक्टर, लंगड्यांना जिना चढवायची अक्कल कुणाची?"

तो खिडकीत उभा होता. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्यावर शहापूरच्या मागावरचा चौकड्यांचा टॉवेल, हातात खव्याच्या कुंद्याची वाटी.

"माझीच री," तो म्हणाला. "बर्री, कूडरी. या, बसा. तुमची निम्मी तपासणी झाली."

खिडकीतून जिना पायथ्यापासून दिसायचा. कोण कुठला पाय आधी टाकतो, कठडा कुठल्या हातानं धरतो, तोंड चढताना वाकडं होतं की उतरताना, हे सगळं तो कुंदा खात बघत असायचा. रोग्याला निरोप देतानाही खिडकीतूनच, तो खाली पोचेपर्यंत. "खोलीत माणूस मला दाखवायला चालतो," तो म्हणायचा. "जिन्यावर तो एकटा असतो. तिथं तो खरा चालतो."

बोलणं असं. मराठी आमच्यासारखीच, पण मधूनच कानडी डोकवायची आणि गुडघा कधी तो असायचा, कधी ती. मी त्याला कधी खुर्चीवर बसलेला बघितला नाही. खिडकीची चौकट धरून उभा, नाहीतर खिडकीजवळच्या उंच स्टुलावर टेकलेला. चिठ्ठी लिहिली तरी ती द्यायला पुढं येणार नाही, हात लांब करणार. आपण उठून घ्यायची. मला वाटायचं, माज आहे. शिकल्या माणसाला असतो, म्हणून सोडून दिलं.

खिडकीच्या एका तावदानाला त्यानं लोकांनी आणून टाकलेल्या एमआरआयच्या फिल्मा लावल्या होत्या, नावाची पट्टी कापून. दुपारचं ऊन अडवायला. "एवढा भारी पडदा बेळगावात कुणाकडं न्हाय," असं सांगायचा. साध्या गुडघेदुखीला त्या फोटोची गरज नसते, हाताला आणि साध्या एक्स-रेला जे कळतं ते पुरतं, हे त्याचं म्हणणं. आणि एक शब्द त्याच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. वंगण. "डॉक्टर, माझ्या गुडघ्यातलं वंगण संपलंय," असं कुणी म्हटलं की तो त्या माणसाला खुर्चीतून उठवून पुन्हा बसवायचा, पुन्हा उठवायचा. "वंगण संपायला तुमची गुडघा म्हंजे बैलगाडी काय? मांडीत ताकद न्हाय, ती आधी बघा." खालच्या विणकराच्या बायकोनंसुद्धा एकदा हा शब्द काढून उठाबशा काढल्या होत्या.

मीही तो शब्द काढला. मलाही उठवलं. तिसऱ्यांदा बसताना मी म्हणालो, "डॉक्टर, आता पुन्हा उठवलासा तर मी खाली जाईन आणि परत येणार न्हाय."

"उतरताना जास्त दुखतंय न्हवं? मग बसा."

खरं दुखणं मात्र मी त्याला सांगितलंच नव्हतं. गुडघा हे निमित्त होतं. लंगडणारा दलाल बाजारात चालतो. माझं भय बोटांचं होतं.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात निपाणीच्या बाजारात माझी अब्रू गेली होती. चिकोडीचा एक दलाल, वयानं माझ्या पोरासारखा, त्याच्या हातात हात होता. मी पाच बोटं दाबली. करंगळीच्या शेवटच्या सांध्यात कळ आली आणि दाब बसला नाही. त्यानं चार समजून सौदा पक्का केला आणि टॉवेल झटकून मोठ्यानं म्हणाला, "अण्णा, बोटातला जीव गेला काय तुमच्या? चार दाबलासा का पाच, कायच कळंना." आजूबाजूची माणसं हसली. बैल चारला गेला त्याचं काही नाही. दलालाच्या बोटाचा भरवसा गेला की त्याच्याजवळ उरतं काय? मी शाळेत फार गेलो नाही. कंग्राळीहून दुसऱ्यांची जनावरं चालवत बाजाराला नेणारा मी, जे काही उभं केलं ते या बोटांवर.

आणि माझ्या डोळ्यांपुढं आईचे हात होते. आईला आमवात होता. बोटांची मुळं सुजून लाल व्हायची, सकाळी उठली की दुपारपर्यंत मूठ मिटायची नाही. हळूहळू सगळी बोटं करंगळीच्या बाजूला कलली, वाऱ्यानं जोंधळा कलतो तशी. शेवटी शेवटी ती चहाचा कप दोन मनगटांच्या मध्ये धरून प्यायची. भाकरी आधी शेजारीण आणि मग माझी बायको थापून द्यायची. माझ्या बोटांवर गाठी दिसायला लागल्या तेव्हा मी ओळखलं की आईचं माझ्याकडं आलं. कुणाला दाखवलं नाही. हात जाकिटाच्या खिशात. दवाखान्यातसुद्धा दार कोपरानं ढकललं, चपला पायानं काढल्या, सही करायला पेन दिलं तर चष्मा नाही म्हणून सांगितलं. मी जनावर बघून त्याचं दुखणं ओळखणारा माणूस, माझं दुखणं कुणाला ओळखू देईन होय?

त्यानं गुडघ्यावर तळवा ठेवून पाय हलवून बघितला. आत करकर वाजत होतं, मला ऐकू येत होतं, त्याला हाताला लागत होतं. गुडघा गरम आहे का बघितलं. मग म्हणाला, "वजन कमी करा."

"किती?"

"धंदा काय म्हणालात? बैलांची दलाली? ते टॉवेलाखाली बोटं धरतात ते?" त्याचे डोळे चमकले. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला. "मग तसंच करू की. किलोचा सौदा. मला शिकवा."

आता हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. पुढं आलेला टॉवेल परतवणं म्हणजे आपल्याकडं माल नाही, असं कबूल करणं. मी आयुष्यात टॉवेल परतवलेला नाही. खिशातून उजवा हात निघाला आणि त्या टॉवेलाखाली गेला. हात काढायचा नाही हा नियम मी तेव्हाच त्याला सांगितला. तो म्हणाला, "व्हय व्हय, काढणार न्हाय."

इतकं मठ्ठ गिऱ्हाईक मी बघितलं नव्हतं. "ही एक व्हय? का ही?" म्हणत त्यानं एक बोट धरलं, सोडलं, दुसरं धरलं. "थांबा री, चुकलं. पुन्हा पहिल्यापासून." वर तो मला बेळगुंदीच्या काजूचं विचारत होता. यंदा मोहोर कसा आहे. मी सांगत होतो. खाली तो एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत चाचपत होता. मला वाटलं, शिकतोय.

"इथं दुखलं?"

"न्हाय."

"इथं?"

"न्हाय म्हटलं न्हवं."

"तोंड न्हाय म्हणतंय. बोट ओढून घेतलासा." आणि त्यानं दुसऱ्या हातानं टॉवेल उचलला. हात मात्र सोडला नाही.

खिडकीतल्या उजेडात माझी बोटं उघडी पडली. नखांच्या मागच्या सांध्यांवर हरभऱ्याएवढ्या गाठी. अंगठ्याचं मूळ चौकोनी झालेलं. आयुष्यात पहिल्यांदा टॉवेल उचलला गेला तेव्हा माल माझा निघाला.

"ही लबाडी झाली, डॉक्टर."

"झाली."

"मी गुडघा दाखवाय आलतो."

"गुडघा मी जिन्यावरच बघितला. कधीपास्नं हे?"

मी पुष्कळ बोललो. काय बोललो ते छापण्यासारखं नाही. खालचा माग थांबला, एवढं आठवतं. तो माझा हात तसाच धरून ऐकत राहिला आणि मी दमल्यावर म्हणाला, "आता आईचं सांगा." आईचं मी काही बोललो होतो की काय, मला कळलं नव्हतं. बोललो असणार.

मग त्यानं विचारलं ते प्रश्न मला अजून तोंडपाठ आहेत. आईचे कुठले सांधे सुजायचे? बोटांची मुळं, मनगटं. तुमचे कुठले? नखाजवळचे. आईची सूज मऊ होती का कडक? मऊ, गरम. तुमच्या गाठी? दगडासारख्या. सकाळी उठल्यावर तुमचा हात किती वेळ आखडलेला असतो? चहा होईस्तोवर. आणि आईचा? दुपार व्हायची. काम केल्यावर जास्त दुखतं का बसल्यावर? काम केल्यावर, संध्याकाळी. ताप, अंग उतरणं, भूक मरणं? नाही.

"बैल लंगडतो तेव्हा तुम्ही काय बघता?" त्यानं विचारलं. "खुरात काटा हाय का खांदा गेलाय, दोन्हीकडं लंगडणं दिसायला एकच. दुखणं येगळं. लोक दोन्हीला संधिवातच म्हणत्यात, आणि तिथंच घोळ होतो. आईचा आमवात. त्यात शरीरच आपल्या सांध्यांवर उठतं. तुमचा हा झिजेचा. ऑस्टिओआर्थ्रायटिस. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेची गादी असते, ती झिजती, खाली हाड कडेनं वाढतं, त्याच्या या गाठी. मला नव्वद टक्के हेच वाटतंय."

"उरलेले दहा?"

"तेवढ्यासाठी रक्त काढू. नुसत्या गुडघ्याला मी रक्त मागत न्हाय. तुमच्या बोटाला पण मागितलं नसतं. पण तुमची आई मध्ये आली. तिला आमवात होता म्हटल्यावर मी हातावर भरवसा ठेवणार न्हाय."

रिपोर्ट यायच्या आधीचे दिवस वाईट गेले. एका सकाळी मी परसात बसून चहाचा कप मनगटांत धरून बघत होतो, जमतंय का. बायको मागं कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिनं सासूचा कप कितीदा तरी धरून दिला होता. तिला सांगावं लागलं नाही.

"आवं, एवढं दिस खिशात हात घालून फिरताय, मला वाटलं थंडी वाजती," ती म्हणाली. मग कप काढून घेतला. "रिपोर्टाला मी येणार."

आली. जिना चढताना मला मागून सांगत होती, सावकाश, सावकाश. वर डॉक्टर खिडकीत. आम्ही बसलो. त्यानं कागद बघितले, एक्स-रे उजेडाला धरला आणि तिच्याकडं बघून म्हणाला, "आक्का, आमवात न्हाय. रक्त चोख हाय. गुडघ्यात सवेत हाय, बोटात थोडी सवेत हाय. बाकी काय न्हाय."

बायको कागलकडची. एवढी वर्षं इथं नांदली तरी तिचं कानडी भाजीबाजारापुरतं. सवेत म्हणजे कानडीत झीज, हे तिला कुठलं माहीत. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"सवत?" ती म्हणाली. "ह्या वयात? आन् ती गुडघ्यात?"

डॉक्टर हसला तो चौकट धरून हसला. मी हसलो. आमवात नाही हे माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उतरत होतं, त्यामुळं मी जरा जास्तच हसलो, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायला दोन्ही हात खिशाबाहेर काढले. बायकोनं माझ्या बोटांकडं बघितलं, एकेक गाठ दाबून बघितली, बाजारात भेंडी बघतात तशी. "आत्यांचं असं नव्हतं," ती म्हणाली. "आत्यांचं हितं हुतं," आणि स्वतःच्या बोटांची मुळं दाखवली. म्हणजे तिला विचारलं असतं तरी निम्मं कळलं असतं.

"सवतच म्हणा, आक्का," डॉक्टर म्हणाला. "हाकलता येत न्हाय. नांदवायची. डोक्यावर मात्र बसू द्यायची न्हाय."

तेव्हापासून आमच्या घरात गुडघ्याचं नाव सवत. सकाळी उठलो की बायको विचारते, "आज सवत काय म्हणती?"

त्यानं एक्स-रे मला दाखवला. गुडघ्याच्या दोन हाडांमध्ये फट असायला हवी, ती आतल्या बाजूला बारीक झाली होती, कडेला हाडाचे काटे आले होते. मी म्हणालो, "मग ऑपरेशनच करून टाका की एकदाचं. दोन्ही." अर्धवट राहिलेलं काम मला आवडत नाही.

"एक्स-रेचं ऑपरेशन करायचं नसतं री, माणसाचं करायचं असतं. ह्याच्यापेक्षा वाईट एक्स-रेवाली माणसं हलगा डोंगर चढून येत्यात. औषध झालं, व्यायाम झाला, तरी रात्री झोप न्हाय, जिना उतरता येत न्हाय, आयुष्य चार भिंतीत अडकलं, त्या दिवशी करायचं. तोवर टॉवेल."

हा टॉवेल म्हणजे दुसरा. त्याच टॉवेलाची त्यानं गुंडाळी केली, मला खिडकीजवळच्या पलंगावर पाय पसरून बसवलं, गुडघ्याखाली ती घातली आणि म्हणाला, दाबा. मांडी घट्ट करून गुडघ्यानं टॉवेल दाबून धरायचा, सोडायचा. रोज. ऐकायला पोरखेळ. पहिल्या दिवशी मांडी थरथरली. "बघितलासा? वंगण न्हाय, मांडी संपलीया," तो म्हणाला. मांडीच्या स्नायूनं भार घेतला की गुडघ्याचा कमी होतो. पोटावरचं ओझं उतरलं की आणखी कमी. बोटांना सकाळी कोमट पाणी, आणि पिशवी बोटांच्या टोकांवर लटकवायची नाही, दोन्ही तळव्यांवर धरायची. दुखलं तर आधी चोळायचं मलम. मी मेडिकलमधून परस्पर आणून खात होतो त्या गोळ्या त्यानं काढायला लावून बघितल्या, रक्तदाबाचं विचारलं, पोटाचं विचारलं, आणि डबाच ठेवून घेतला. "ह्या गोळ्या पोट जाळत्यात, मूत्रपिंडाला बाधत्यात. लागल्या तर मी सांगीन, थोडं दिस." गुडघ्यात इंजेक्शन? सूज आली तर एखादं, त्याचा आराम काही आठवड्यांचा. बरं करणारं इंजेक्शन आहे असं सांगणारा भेटला तर त्याला बैल विका, म्हणाला.

आणि काठी. चढउतारापुरती मी काठी धरायचो ती उजव्या हातात, कारण दुखरा गुडघा उजवा. सगळे अशीच धरतात. त्यानं ती काढून डाव्या हातात दिली. दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. मी भांडलो. तो म्हणाला, जिना उतरा आणि मग भांडा. मी उतरलो. खाली पोचल्यावर वर बघितलं, खिडकीत तो कुंदा खात होता. भांडायला काही उरलं नव्हतं. वरून हा फायदा वेगळाच, उजवा हात टॉवेलासाठी मोकळा राहिला.

वजनाचा सौदा राहिला होता तो त्यानं त्याच दिवशी पुरा केला. मी दोन बोटं दाबली, त्यानं पाच. शेवटी चारावर जमलं. चार किलो. पुढं सणासुदीचे दिवस, त्यामुळं हे चार किलो उतरवायला मी काय भोगलं ते मला माहीत. बायकोनं पुरणपोळी समोरून उचलली. उतरवले. ताठ मानेनं जिना चढून गेलो आणि सांगितलं, सौदा पुरा झाला.

"झाला," तो म्हणाला. "उजव्या गुडघ्याचा झाला. डावीचा कुठं झाला?"

असा माणूस. सौद्यात एकक काय ते आधी बोलून घ्यायचं, ही दलालीची पहिली अक्कल, आणि ती मी खाल्ली. बैलजोडीचा भाव ठरवून एकच बैल सोडणारे बघितले होते, तसं यानं मला केलं. मी खूप ओरडलो. तो टॉवेल घेऊन पुढं झाला, म्हणजे हात पुढं केला, जागचा हलला नाही. मी तीन दाबली. त्यानं चार धरली. मी तीनवर अडलो, तो चारवर. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. म्हैसूरहून लेकीचा. नाव बघून त्याचा चेहरा उतरला, आणि त्यानं टॉवेलाखालून हात काढला. सौदा जमला नव्हता, मोडला नव्हता. "पुढल्या वेळी," म्हणाला आणि खिडकीकडं तोंड करून लेकीशी बोलत राहिला.

मी त्याला तिथंच सुनवायला पाहिजे होतं. फोन लेकीचा होता म्हणून सोडलं.

मध्ये निपाणीचा बाजार झाला. काठी डाव्या हातात. चिकोडीचा तो दलाल समोर आला, हसतच. मी टॉवेल टाकला. बोटं अजून वाकडीच होती आणि पुढंही राहणार, पण डॉक्टरनं सांगितलं होतं की गाठी तयार होताना दुखतात, झाल्या की बहुतेकांचं दुखणं निवतं. निवलं होतं. शिवाय आता टोकानं न दाबता पूर्ण बोट तळव्यात धरून दाबायची युक्ती त्यानंच शिकवलेली. मी पाच दाबली. पोराचं हसणं गेलं. "अण्णा, बोट मोडंल की," म्हणाला. सौदा पाचलाच जमला. परत येताना एसटीत बसून मी हात मांडीवर उघडे ठेवले होते, लोकांना दिसू दे म्हणून.

हे डॉक्टरला सांगायला मी दुसऱ्या दिवशी गेलो. वर कुलूप. खिडकी बंद. मी जिना उतरून आलो, अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं की कठडा धरलेलाच नाही. असा उतरलो आणि बघायला तो नेमका नव्हता.

खाली विणकराची बायको दारात बसून कांड्या भरत होती. "आक्का, डॉक्टर कुठं गेलेत?"

"म्हैसूरला, लेकीकडं. गुडघं बदलाय. दोन्ही."

"कुणाचे?"

"त्यांचंच की," ती म्हणाली. "चौघांनी खुर्चीवर बसवून जिन्यावरनं खाली आणलं. लेक कवापास्नं मागं लागलीवती, ते 'थंडीतल्या रोग्यांचा सीझन संपू दे, सीझन संपू दे' करत बसलं. खाली उतरलेलं तर आमाला ध्यानात बी न्हाय. जेवण मीच वर द्यायची."

मी तिथंच पायरीवर बसलो. त्याचं सगळं मला उलट दिशेनं दिसायला लागलं. खिडकीची चौकट का धरलेली, ते. उंच स्टूल का, ते. चिठ्ठी द्यायला पुढं का येत नव्हता, ते. खोड असलेला बैल विकणारा त्याला सावलीत बांधून उभा ठेवतो, बाजारात चालवून दाखवत नाही. ही चाल मला लहानपणापासून माहीत. शंभर बैलांत लंगडा मी लांबून काढतो. आणि हा माणूस माझ्यासमोर महिनोन् महिने उभा होता, मी त्याला एकदाही चालवून बघितला नाही.

"ऑपरेशन झालं?" मी विचारलं.

"झालं. काल फोन आलता. काठी घिऊन चालाय लागल्यात म्हणं. आवाज एकदम खुशीत." तिनं कांडी बाजूला ठेवली. "तुमचंच इचारत हुतं. ते बैलवालं अण्णा जिना कसं उतरत्यात, बघून सांगा म्हणालं."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं हे मी नाकारत नाही. त्याचा हिशेब बरोबर होता, हेही मान्य. आयुष्य चार भिंतीत अडकलं की करायचं, असं त्यानंच सांगितलं होतं आणि तसंच केलं. पण राग राग आहे आणि तो मी उतरवून ठेवणार नाही. माझ्या बोटाची गाठ न् गाठ चाचपून, टॉवेल उचलून, माझं सगळं उजेडात मांडणाऱ्या माणसानं स्वतःचे दोन गुडघे खिडकीच्या चौकटीआड झाकून ठेवले. मला एकदा सांगितलं असतं तर मी टॉवेल टाकला असता. मी त्याच्याशी भांडून त्याला सहा महिने आधी म्हैसूरला पाठवला असता.

म्हणून ज्यांचं म्हैसूरला जाणंयेणं असेल त्यांनी माझा निरोप पोचवावा. डाव्या गुडघ्याचा सौदा तीन आणि चारच्या मध्ये तसाच पडलेला आहे. हात तू काढलास, मी नाही. तेव्हा ये. खुर्चीतून नको, आपल्या पायांनी तो जिना चढून ये. मी खाली विणकराच्या दारात उभा राहून बघणार आहे, कुठला पाय आधी टाकतोस, कठडा कुठल्या हातानं धरतोस. आणि वर पोचलास की सगळ्यात आधी मला याचं उत्तर दे, की दुसऱ्याचं लंगडणं खिडकीतून बघताना तुझं कुणी बघायचं होतं.